दुसरं नाव

डॉ. वाघुळद्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “मुलगी आहे?”

“नाही सर. दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये गेली.”

“हा नवा निकाल कधीचा?”

“कालचा.”

त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला आणि दोन्ही कागद परत वाचले. डावीकडचा तीन वर्षांपूर्वीचा होता, त्यावर त्यांची सही होती. उजवीकडच्यावर अजून कुणाचीच नव्हती.

“तिथं जाऊ नकोस शलाका,” ते म्हणाले.

मी जाणार आहे, असं मी अजून म्हटलेलंही नव्हतं.

मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाली आहे. माणसाच्या रक्तातून त्याच्या जनुकांचा मजकूर वाचता येतो. प्रत्येकाच्या मजकुरात हजारो जागी काही ना काही फरक असतो आणि त्यातले जवळपास सगळे निरुपद्रवी असतात. एखादाच घात करतो. तो एखादा कुठला, हे शोधणारा प्रोग्राम मी आमच्या पुण्याच्या केंद्रात बसवला होता. हजारो रोग्यांच्या नोंदी वाचून तो शिकला होता. त्या नोंदी बहुतेक परदेशातल्या होत्या. आपल्याकडच्या नव्हत्याच, तर आणणार कुठून?

सुरुवातीला तो एका रोग्यामागे सात आजारांची नावं द्यायचा, शक्यतेच्या उतरत्या क्रमानं. डॉक्टर कंटाळायचे, आईबाप घाबरून जायचे. एका बैठकीत मीच म्हणाले, “एकच नाव छापूया. बाकीची आत राहू देत.” सगळ्यांना पटलं. त्या वर्षी प्रोग्रामला पुरस्कार मिळाला आणि मला स्वतंत्र खोली.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत प्रोग्रामची नवी आवृत्ती तयार झाली. तोवर आपल्याकडच्या माणसांच्याही बऱ्याच नोंदी जमल्या होत्या. सवयीनं मी जुनी सगळी प्रकरणं त्यातून पुन्हा काढली. तीनशे बारांपैकी तीनशे अकरा तशीच राहिली. एक बदललं.

समृद्धी महादेव उत्तुरे, वय चार, इचलकरंजी. आधी ऐकू येईनासं झालं, मग हात लुळे पडले, मग मान धरेना. आमच्या कागदावर एका आजाराचं नाव होतं आणि त्याखाली ‘यावर आज उपचार उपलब्ध नाही’ ही ओळ होती. आता दिसत होतं, की ज्या फरकामुळे आम्ही ते नाव दिलं, तो फरक दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी धडधाकट माणसांत असतो. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या यादीत जे नाव दुसरं होतं, ते खरं होतं. आणि त्या आजाराला औषध होतं.

“आईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय,” वाघुळदे फाईल चाळत म्हणाले. “पोरगी जिवंत असतानाच. पुढचं मूलही असंच निघण्याची शक्यता चारात एक आहे, असं मीच सांगितलं होतं त्यांना. म्हणजे आता त्या घरात औषध द्यायला कुणी नाही आणि होणारही नाही. मग काय सांगणार आहेस तू?”

“नात्यातलं लग्न आहे सर. त्यांच्या भावकीत कुणाला मूल झालं तर...”

“त्यासाठी मी पत्र पाठवतो. व्यवस्थित, समजेल असं.”

“पत्रात आपली चूक लिहाल?”

त्यांनी फाईलचं पान उलटलं. वाईट माणूस नव्हता तो. मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि त्या मुलीला त्यांनी स्वतःच्या हातांनी तपासलं होतं. मी तर तिला पाहिलंही नव्हतं.

“एवढंच विचारतो,” ते शेवटी म्हणाले. “तू त्यांच्यासाठी जाते आहेस, की स्वतःसाठी?”

त्यांनी फाईलमधला पत्ता एका चिठ्ठीवर उतरवला आणि माझ्याकडे न बघता ती टेबलावरून पुढं सरकवली.

इचलकरंजीच्या त्या गल्लीत शिरलं, की आधी आवाज येतो. घराघरांतून माग चालू असतात. खटक-खटक-खटक, पावलांखालची फरशीसुद्धा हलते. उत्तुऱ्यांचं घर विचारायला मला एका बाईच्या कानाशी तोंड न्यावं लागलं.

पुढं मागांची शेड, मागं दोन खोल्या. शेडमध्ये चार माग होते आणि त्यांच्यामध्ये एक किडकिडीत माणूस तुटलेला धागा जोडत होता. मला बघून त्यानं हातानंच ‘कोण?’ असं विचारलं. मी पुण्याच्या केंद्राचं नाव मोठ्यानं सांगितलं. त्याचा हात थांबला. मग त्यानं एकेक करून चारही माग बंद केले. शेजारच्या घरांतला आवाज चालूच होता, पण इथं एकदम पोकळी झाल्यासारखं वाटलं.

“आत या की म्याडम,” महादेव म्हणाला. “काय काम काढलंसा एवढ्या लांबनं?”

आतल्या खोलीत त्याची बायको मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. वैजयंता. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, हे मला फाईलवरून माहीत होतं. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, केंद्रात कॉम्प्युटरचं काम बघते म्हणाले. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग उठून चहा टाकला.

भिंतीशी एक लहान खुर्ची होती, मागाच्या लाकडातून घरीच केलेली. पाठीला उंच फळी आणि फळीला मान बांधायचा कापडी पट्टा. बैठकीवर सुताचे कोन रचले होते.

“मीच केल्याली,” महादेव म्हणाला. “पोरीला बसवत हुतो. आदी कानानं गेली ना ती, तवा वाटलं मागाच्या आवाजानं गेली. तीन म्हैनं शिरोळला आत्याकडं नेऊन ठिवली. तिथनं हात गळाल्यालेच घिऊन परत आली.”

मी कपात बघत बोलायला सुरुवात केली. बसमध्ये सगळं घोकलं होतं. पण नेमके शब्द मिळेनात, म्हणून साध्या भाषेत सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी तुमच्या हातात जो कागद दिला, तो चुकीचा होता. तिला तो आजार नव्हता, दुसरा होता.

“दुसरा म्हंजे?”

“प्रोग्रामनं सात नावं काढली होती. आम्ही पहिलं तेवढं छापलं. खरं होतं ते दुसरं.”

“मग ते दुसरं का छापलं न्हाई?”

“एकच छापायचं, असं ठरवलं होतं.”

“कुणी?”

“मी.”

त्यानं मान डोलावली. राग नव्हता त्यात. रोज कापड बघणारा माणूस वीण कुठं चुकली ते बघतो, तसा तो बघत होता.

“सात नावं छापायला किती जागा लागली असती?”

“अर्धं पान.”

“अर्धं पान,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “त्या दुसऱ्यालाबी औषध नसंलच की. मग काय फरक पडला म्हणायचा?”

यासाठीच मी आले होते आणि हेच सांगायचं मला सगळ्यांत जड जात होतं.

“होतं,” मी म्हणाले. “साधं जीवनसत्त्व. बी-दोन म्हणतात. रोज मोठ्या मात्रेत द्यायचं. सगळीच मुलं सुधारतात असं नाही, पण बरीच सुधारतात. निदान जगतात.”

कांड्या भरायचा आवाज थांबला. वैजयंता चहा देऊन पुन्हा कामाला बसली होती. तिथूनच तिनं विचारलं, “पिवळी गोळी?”

“हो. पिवळीच असते.”

“लघवी पिवळीधम्मक हुती, तीच?”

“तुम्हाला कसं माहीत?”

ती माझ्याकडं बघत नव्हती. नवऱ्याकडंही नाही. समोरच्या सुताकडं बघून सांगत होती.

“पोरीचं तोंड आलं हुतं. गिळता येईना. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं बीकाम्प्लेस दिलं. सात दिस दिलं तर तोंड बरं झालं, आणि तिनं मान धरली. मी म्हटलं भास हुतोय मला. मग रोज तीन-तीन द्याया लागले, दुधात कालवून. बाराव्या दिशी तिनं पट्टा न बांधता अर्धी भाकरी खाल्ली. हितं. ह्या खुर्चीत बसून.”

महादेव उठून उभा राहिला आणि तसाच परत खाली बसला.

“मी ह्यास्नी दावलं,” ती म्हणाली. “हे म्हणालं, येडी झालीस तू. पुण्यात मशिनीनं सांगितलंय.”

“तसं न्हाई म्याडम,” महादेव माझ्याकडं वळला. घाईघाईनं बोलू लागला, जणू निकाल माझ्याच हातात होता. “लघवी हळदीसारखी व्हायला लागली तिची. मला वाटलं कावीळ झाली, लिव्हर गेलं. औषध जादा झालं म्हणून पोरगी दगावली तर? म्हणून मी इचारलं. माझ्या मनानं न्हाई केलं काय. तुमच्या कागदावरच्या नंबरला फोन लावला. एक म्याडम हुत्या. त्यास्नी सगळं सांगितलं, मान धरतीया म्हणूनबी सांगितलं. त्या म्हणाल्या, या आजारात असलं काही लागू पडत नाही. उगाच आशा धरू नका. जादा गोळ्या देऊ नका.”

ती वाक्यं त्यानं माझ्या भाषेत म्हटली. ‘नाही’ म्हणाला, ‘न्हाई’ नाही. तीन वर्षं तोंडपाठ असल्यासारखी.

कागदावरचा तो नंबर माझ्या टेबलावरच्या फोनचा होता. तो उचलायला एक मुलगी होती, पण ती जेवायला गेली की मीच घेत असे. किती फोन घेतले असतील, देव जाणे. सगळ्यांचे प्रश्न सारखेच असायचे. आयुर्वेदिक देऊ का, अमक्या बाबाचा अंगारा लावू का, तेलानं चोळू का. आणि माझं उत्तरही ठरलेलं असायचं. ‘उगाच आशा धरू नका.’ केंद्रात दुसरं कुणी असं म्हणत नसे. मला ते वाक्य प्रामाणिक वाटायचं.

“मग मी गोळ्या गटारीत टाकल्या,” महादेव म्हणाला. “हिनं लपवून ठिवल्याल्याबी हुडकून टाकल्या. पंदरा दिसांत मान परत पडली.”

दोघंही मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले होते. तो माझ्याकडं आशेनं बघत होता. माझा दोष नव्हता, असं म्हणा, एवढंच त्याला हवं होतं. मी म्हणाले,

“त्यांनी... फोनवर ज्या कुणी होत्या, त्यांनी चुकीचं सांगितलं.”

मग मी कामाचं बोलले. नात्यात कुणाला बाळ झालं तर लगेच रक्त तपासून घ्या, फुकट करू, हा माझा नंबर. महादेवनं चिठ्ठी घेतली आणि शेडमध्ये गेला. थोड्याच वेळात पहिला माग सुरू झाला.

वैजयंता मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. वाटेत मागांच्या आवाजात बोलता येण्यासारखं नव्हतंच. हमरस्त्याला लागल्यावर जरा आवाज कमी झाला. तिथं ती थांबली.

“फोनवर तुमीच हुता,” ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं.

“ह्येंनी स्पीकर लावला हुता. मी शेजारीच हुते. आत येऊन नाव सांगितलंसा, तवाच आवाज वळखला.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “म्हटलं आल्यात तर सांगतील. च्या दिला. बसले वाट बघत.”

“ताई...”

“मला नगा सांगू. मला ठावं हाय. तो माणूस तीन वर्सं माझ्याकडं त्वांड वर करून बघत न्हाई. मी बी बोलत न्हाई त्याच्याशी. माझी पोरगी त्यानं मारली असंच मी धरून चाललीया. आज तुमी आलासा, आणि त्याच्या डोस्क्यावर आणि एक धोंडा ठिवून चाललासा.”

समोर कोल्हापूरची बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं माझ्याकडं बघून हात केला. मी मागं वळले. वैजयंता माझ्या पुढं चालत होती.

शेडमध्ये आता चारही माग चालू होते. महादेव शेवटच्या मागाशी पाठमोरा उभा होता. मी जवळ जाऊन म्हणाले, “तो फोन मी घेतला होता.” त्यानं कानाकडं बोट दाखवलं. ऐकू येत नव्हतं. मी ओरडले, “तो फोन! मी घेतला होता!” त्यानं भुवया गोळा केल्या आणि मान हलवली. मग पहिल्या मागाकडं जाऊन तो बंद केला. दुसरा बंद केला, तिसरा केला. चौथ्याच्या दांड्यावर हात ठेवून त्यानं बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोही ओढला.

आता ओरडायची सोय नव्हती.

“फोनवरची बाई मी होते,” मी म्हणाले. “गोळ्या देऊ नका, असं मी सांगितलं.”

अंगाला चिकटलेला कापूस त्यानं बोटांनी एकेक करून काढला.

“मी नाव सांगितलं हुतं तिचं,” तो म्हणाला. “तुमी इचारलं न्हाई, तरी सांगितलं हुतं. समृद्धी. आठवतंय तुमास्नी?”

खोटं बोलावंसं फार वाटलं.

“नाही,” मी म्हणाले. “तुमचा फोन मला आठवत नाही. बोलणं माझं होतं, एवढं ओळखलं.”

“आठवत न्हाई,” तो म्हणाला. वैजयंता पुढं झाली होती. तिला वाटलं असावं, की तो माझ्या अंगावर येईल. मलाही तसंच वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

पण तो खाली बसला, दोन मागांच्या मधल्या अरुंद जागेत, गुडघे पोटाशी घेऊन. “तुमी सांगितलं,” तो म्हणाला, “पर टाकल्या मी. पोरीनं मान धरल्याली मी माझ्या डोळ्यांनी बघितली हुती. बघून टाकल्या. तुमचं तुमी न्या म्याडम. माझं हितंच ऱ्हाऊ द्या.”

वैजयंता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं त्याला हात लावला नाही. नुसती बसली. माझ्याकडं पाठ करून.

मी गल्लीतून परत आले तेव्हा ती बस गेलेली होती. दुसरी तासाभरानं मिळाली.

पुण्यात आल्यावर सगळं लिहून काढलं आणि डॉ. वाघुळद्यांपुढं ठेवलं, फोनसकट. त्यांनी वाचलं आणि तळाशी सही केली. “माझी पण चूक आहे, लिही,” म्हणाले. ते पत्र पुढं वरच्या समितीकडं गेलं. समितीनं खेद व्यक्त केला. माझी खोली गेली नाही, पुरस्कारही कुणी परत मागितला नाही. मी मात्र सातही नावं छापायला लावली. शिवाय मराठीतून, आणि प्रत्येकापुढं औषध आहे की नाही ते. डॉक्टर पुन्हा कंटाळले.

पुढच्या वर्षी डिसेंबरात वैजयंता केंद्रात आली. बरोबर तिची भावजय, तीही नात्यातलीच, आणि भावजयीच्या मांडीवर पाच महिन्यांची मुलगी. मी महादेवचं विचारलं. “हायत,” एवढंच म्हणाली. बाळाचं रक्त घेतलं, दोन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. तेच निघालं होतं. गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. ती मुलगी आता शाळेत जाते, थोडं कमी ऐकू येतं तिला.

त्या दिवशी मी कागद भावजयीच्या हातात दिला आणि सांगितलं, पहिलंच नाव आहे, खात्रीचं आहे, औषध आहे, काळजी करू नका. भावजय रडू लागली. वैजयंतानं तिच्या हातातून कागद काढून घेतला. सातवीपर्यंत शिकलेली बाई. पहिल्या नावावर तिनं बोट ठेवलंच नाही, ते सोडून खाली गेली.

“ह्ये दुसरं काय हाय?” तिनं विचारलं.

मी सांगितलं.

“ह्याला औषध हाय?”

“आहे.”

“तिसरं?”

“त्याला नाही.”

“चौथं?”

बाहेर रांग लागली होती. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि चौथं नाव सांगायला लागले.